हाड धरेपर्यंत

२ मार्च

उद्या सकाळी माझ्या खालच्या जबड्यात चार खुंट्या ठोकणार आहेत. डॉक्टरीणबाई त्यांना इम्प्लांट म्हणतात. 'ठोकणार' हा शब्द त्यांना आवडत नाही, 'बसवणार' म्हणा म्हणतात. हाडाला भोक पाडून त्यात स्क्रू फिरवायचा, याला काहीही म्हणा, आहे ते सुतारकामच.

पुढचे काही दिवस फार बोलायचं नाही अशी ताकीद मिळाली आहे. जिने सगळी नोकरी मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली, जिचा दिवस बोलण्यावरच चालायचा, तिला ही शिक्षाच. म्हणून आजपासून ही दैनंदिनी. कुठेतरी बोलायला हवं.

वरची कवळी माझी गुणी आहे. टाळूला चिकटून बसते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खालची मात्र पहिल्यापासून उनाड. खालचं हाड झिजून सपाट झालंय, तिला धरून बसायला काही उरलेलंच नाही. जीभ हलली की ती हलते. गेल्या वर्षी बोर्डावरच्या एका मैत्रिणीच्या निरोप समारंभात मी दोन शब्द बोलायला उभी राहिले आणि 'सस्नेह' म्हणता म्हणता ती बाहेर येऊन टेबलावर पडली. लोक भले, कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी चारचौघांत तोंड उघडणं सोडलं. फोनही वाजून वाजून बंद होऊ देते.

शेवटी दादूनेच ठरवून टाकलं, "आई, पक्के दात करून घे." दादू माझा एकुलता एक. चुलत-मावस भावंडांत मोठा म्हणून सगळे दादू म्हणायचे, ते लग्नानंतरही चिकटलंच. उद्या तो येणार होता. परवा फोन आला की रजा मिळत नाही, बायकोला पाठवतो.

सूनबाई आज संध्याकाळी आली. आमचं दोघींचं पटत नाही असं नाही, पटतं की नाही हे पाहायची वेळच कधी आली नाही. वर्षातून दोन-तीनदा भेट, 'हो आई', 'नको आई', की झाली परत जायची वेळ. घरांच्या आतल्या मांडणीचे नकाशे काढायचं तिचं काम आहे, ते संगणकावर कुठूनही करता येतं म्हणे. आठ-दहा दिवसांसाठी आली आहे, पण सामान बघून मी चाटच पडले. तीन मोठ्या बॅगा, संगणक, हिवाळी पांघरूण आणि एका कुंडीत झाड. झाड कशाला आणलंस विचारलं तर म्हणाली, "तिथे पाणी घालायला कुणी नाही."

दादूला कुठली झाडाची आठवण राहायला. खरंय तिचं.

३ मार्च

झालं. लिहिताना हात जड आहे पण डोकं ठिकाणावर आहे.

दुखलं नाही. जबडा बधिर केला होता. पण आवाज थेट कवटीत वाजत होता आणि मधूनमधून कुणी आतून दार ठोठावतंय असं वाटत होतं. डॉक्टरीणबाई सारखं बोलत होत्या. "काकू, आता थोडा दाब वाटेल. काकू, पहिली बसली. काकू, तुमचं हाड छान आहे हो." हाडाची अशी स्तुती माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झाली.

सूचना त्यांनी मला न देता सूनबाईला दिल्या. गालावर बर्फ, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. आज गरम काही नाही. जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, तोंडातलं पाणी नुसतं खाली पडू द्यायचं. नळीने काही ओढून प्यायचं नाही, रक्ताची गुठळी निघून येते. खालची कवळी टाके निघेपर्यंत डब्यात. आणि मग तीन-चार महिने वाट बघायची, हाड खुंट्यांना धरेपर्यंत. "घाई केली की सगळं जातं," असं त्या म्हणाल्या. सूनबाई एकेका वाक्याला मान हलवत होती, परीक्षेला बसल्यासारखी.

संध्याकाळी दादूचा फोन आला. तिने उचलला, काही न बोलता माझ्या हातात दिला आणि गॅलरीत गेली. मला बोलता येत नव्हतं, मी नुसतं हुं हुं करत ऐकलं. तो बरंच बोलला. मागे लहान मुलांची कार्टून चालू होती, एकदा ताटवाटीही वाजली. जेवायला शेजाऱ्यांकडे जात असणार बिचारा. बायको इथे, त्याने तरी करायचं काय.

५ मार्च

आरशात पाहिलं. उजवा गाल फुगून डोळ्याला टेकलाय, हनुवटी जांभळी. सूनबाईने पाहिलं की मी पाहतेय. म्हणाली, "डॉक्टर म्हणाल्या होत्या, तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त. उद्यापासून उतरेल." आणि आरशावर टॉवेल टाकून निघून गेली.

जेवणाला कोमट सूप, कुस्करलेलं केळं, मऊ भात मिक्सरमधून काढलेला. मिक्सरमधून काढलेला भात ही काय चीज आहे हे ज्याने खाल्लं त्यालाच कळेल. ती स्वतःही तेच खाते. मी खुणेनेच विचारलं, तुझे दात शाबूत असताना तू हा लगदा का खातेस? म्हणाली, "भूक नाही मला फारशी. एकच केलेलं बरं." काटकसरी दिसते. दादू मागे एकदा तिला उधळी म्हणाला होता, कशावरून कोण जाणे.

दिवसातून चार वेळा मिठाच्या कोमट पाण्याचा पेला माझ्यासमोर येतो. हाक नाही, आठवण नाही, नुसता पेला. मी तोंडात पाणी धरते, डोकं इकडून तिकडे कलंडवते आणि बेसिनवर तोंड उघडते. ती दारात उभी असते. अशा अवतारात मी माझ्या नवऱ्यासमोरही कधी गेले नव्हते.

१४ मार्च

टाके निघाले. मुंगी चावावी इतपत. खालच्या जुन्या कवळीला आतून मऊ अस्तर लावून दिलंय, पण ती फक्त शोभेपुरती, चावायची नाही.

घरी आल्यावर मी सूनबाईला म्हटलं, "आता तू मोकळी. उद्याची गाडी बघ." ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "टाके निघाले म्हणजे लगेच एकटं ठेवायचं नसतं. डॉक्टर म्हणाल्यात."

मी डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं. (हो, फोन केला. आपल्याच डॉक्टरांपुढे कसली लाज.) त्या जरा थांबल्या, म्हणाल्या, "मी? हो, म्हणजे... सोबत असलेली बरीच की, काकू." आपण काय सांगितलं तेच त्यांच्या लक्षात नसतं. किती जबडे सांभाळत असतील एका दिवसात.

३० मार्च

वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, त्यांना मी मनातल्या मनात 'चौकशी खिडकी' म्हणते. जिन्यात गाठून म्हणाल्या, "सून अजून इथेच का हो? नवऱ्याचं कसं चालतं मग?" मी म्हटलं, "माझ्या जिवाला जीव देते ती. सगळ्यांच्या नशिबात अशी सून नसते." त्यांची सून परदेशात असते, त्यामुळे बोलणं तिथेच थांबलं.

पण वर येताना माझं मलाच टोचलं. चालतं कसं खरंच? खिडकीपाशी तिने माझं जुनं शिवणाचं टेबल ओढून घेतलंय, त्यावर संगणक, पट्ट्या, पेन्सिली. झाड गॅलरीत ऊन बघून लावून झालं. पांघरूण तर येत्या हिवाळ्याआधी लागणारसुद्धा नाही.

रात्रीच्या जेवणात सरळ म्हटलं, "दादूचे हाल होत असतील गं. तू जा आता."

"त्याचे हाल नाहीत, आई," असं म्हणाली आणि भाताचं भांडं उचलून आत गेली.

आवाज सरळ होता. बोर्डावर असताना मी असे आवाज रोज ऐकायचे. रडून झालेला माणूस असा सरळ बोलतो, 'अतिदक्षता विभाग जोडून द्या' म्हणतो, आभारसुद्धा मानतो. पण इथे रडण्यासारखं काय आहे? तिचं रात्रीचं काम चाललंय सध्या, डोळे थकत असतील.

२ मे

काही विशेष नाही. हाड धरतंय की नाही हे कळायला मार्ग नाही, तोंडात आत काय चाललंय हे ज्याचं त्यालाही दिसत नाही. ब्रश मऊ, हिरड्यांवरून हलक्या हाताने. डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळं ठीक.

दादू दर रविवारी फोन करतो. हल्ली लवकर आटोपतं. "सगळं ठीक ना? ती ठीक ना?" असं विचारतो. 'ती' म्हणतो, नाव घेत नाही. भांडणबिंडण झालेलं दिसतंय. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली की होतात. आमच्याही वेळी मी एकदा पंधरवडाभर नवऱ्याशी फक्त मीठ आणि वर्तमानपत्र या विषयांवर बोलत होते.

२४ जून

आज हिरडी उघडून खुंट्या तपासायच्या होत्या. तीन घट्ट निघाल्या. उजवीकडची मागची बोटाने फिरवली तर फिरली.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले, खुर्ची माझ्या समोर आणली. म्हणाल्या, "काकू, एक धरली नाही. ती काढावी लागेल."

मी विचारलं, माझं काही चुकलं का. मी एकदाही शेंगदाण्याकडे पाहिलेलं नाही.

"नाही हो. सगळं नीट केलं तरी कधीकधी हाड धरत नाही. कुणाची चूक नसते त्यात."

तेवढ्यात मागून आवाज आला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेली सूनबाई रडत होती. नुसते डोळे पुसत नव्हती, हमसून हमसून रडत होती, पर्स छातीशी घट्ट धरून. डॉक्टरीणबाईंची मदतनीस पाण्याचा पेला घेऊन धावली. मी अर्धं तोंड बधिर, गळ्याला कागदी लाळेरं बांधलेलं, तशीच खुर्चीत वळून म्हणायला लागले, "अगं, तीन आहेत अजून. तीनवर भागतं म्हणतात." ती मान हलवत होती आणि आणखीच रडत होती.

खुंटी निघाली. बाकीच्या तिघींवर छोट्या टोप्या बसवल्या. येताना आम्ही वाटेतल्या बागेत बाकावर बसलो. मी म्हटलं, "जबडा माझा आणि रडतेस तू." ती रडता रडता हसली. तिला असं दात दाखवून हसताना मी बहुतेक पहिल्यांदाच पाहिलं. समोरचा एक दात किंचित तिरका आहे. छान दिसतो.

माझ्या जबड्यावर कुणाचा एवढा जीव असेल असं मला वाटलं नव्हतं.

२६ जून

काल ती कामासाठी बाहेर गेली होती. मला वाटलं, दादूला सांगावं, तुझी बायको हिरा आहे, जे काही भांडण असेल ते मिटव आणि येऊन घेऊन जा. दुपारची वेळ होती, सुट्टीचा दिवस. मी आपणहून फोन लावला.

लहान मुलीने उचलला. "काका आंघोळीला गेलेत. तुम्ही कोण?" आणि मग बाजूला वळून, "आई, काकांचा फोन वाजतोय, मी घेतला."

मग बाईचा आवाज आला. तरुण, घरातल्या घरात असतो तसा, जरा धापा टाकत. "हॅलो? कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "माफ करा, नंबर चुकला." आणि ठेवून दिला.

माझा आवाज स्वच्छ आला. वर्षभरात इतकं स्वच्छ बोलले नव्हते.

२७ जून

शेजारीण असेल. घरमालकीण असेल. मुलीला शिकवत असेल तो.

कार्टून होतं मार्चमध्येही.

शेजारणीच्या घरात कुणी आंघोळ करत नाही.

३० जून

सगळं समोरच होतं. ते 'तिथे पाणी घालायला कुणी नाही', तो भुकेचा अभाव, ते 'त्याचे हाल नाहीत'. मी आवाजावरून माणूस ओळखते, असा माझा तोरा होता. अनोळखी लोकांचे आवाज ओळखत होते मी. घरातला आवाज आला की कानावर हात.

रागही येतो. दादूचा येतो, पण त्याचा राग करायला बसलं की तो पाच वर्षांचा होऊन समोर येतो, गुडघा फुटलेला, आणि सगळं फिसकटतं. सूनबाईचाही येतो. इतके महिने मला मिठाचं पाणी पाजत होती आणि माझ्याच मुलाची गोष्ट माझ्यापासून लपवत होती. मला काय मातीची समजली?

तिला काही बोलले नाही. आज पेला आणून ठेवला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. बारीक झाली आहे. मार्चमध्ये एवढी नव्हती.

४ जुलै

आज दादूचं कपाट रिकामं केलं. शाळेतली बक्षिसं, जुने बूट, क्रिकेटचे पॅड, कुठल्याशा स्पर्धेचा बिल्ला. सगळं खोक्यांत भरलं. नव्याने कागद घालून खण पुसून घेतले. सूनबाईच्या बॅगा अजून पलंगाखालीच आहेत, ती रोज वाकून त्यातून कपडे काढते.

ती दारात येऊन म्हणाली, "हे त्याचं कपाट ना?"

"होतं. तुझे कपडे लाव."

"आई, मी काही दिवसांनी..."

"मुलीने फोन उचलला परवा," मी म्हटलं. "गोड आवाज आहे तिचा."

ती पलंगावर बसली. मी खोक्याला दोरी बांधत राहिले, हाताला काम असलं की ऐकणं सोपं जातं. ती म्हणाली, गेल्या वर्षापासून चाललं होतं. फेब्रुवारीत त्याने सांगितलं. तिला घर सोडायचं होतं आणि कुठे जावं ते ठरत नव्हतं, तिची आई नाही आणि भावाच्या घरी वडीलच कसेबसे सामावलेत. त्यात माझं ऑपरेशन आलं. तो म्हणाला, आईकडे जाशील का थोडे दिवस, आणि एवढं होईपर्यंत तिला सांगू नको.

"मग टाके होते. मग हाड धरायचं होतं. मग ती एक खुंटी... रोज वाटायचं आज सांगू." तिने डोळे उचलले. "आई, खरं सांगते. मी तुमच्यासाठी आले नव्हते. जायला जागा मिळाली म्हणून आले."

हे मला लागलं. दोरीची गाठ सुटली ती परत बांधली. पण मग वाटलं, इतक्या महिन्यांत या घरात बोललं गेलेलं हे पहिलं धड वाक्य.

"आलीस ना," मी म्हटलं. "खालचा खण अडकतो जरा. उचलून ओढायचा."

२१ ऑगस्ट

मापं झाली. मेणाची कवळी घालून बघितली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साठ, सत्तर, शहात्तर म्हणा." म्हटलं. 'शहात्तर'ला शिट्टी वाजते. पुढचे दात थोडे मागे घेणार आहेत.

दादूचे रविवारचे फोन येतात. मी कवळीबद्दल बोलते, तो बरं म्हणतो. त्याला माहीत नाही की मला माहीत आहे, जूनमधला तो फोन त्याला कुणी सांगितलेलाच दिसत नाही. सूनबाई म्हणाली, मी सांगू का त्याला? मी म्हटलं, नको. माझा मुलगा आहे, मी बोलेन. पण या पोकळ तोंडाने नाही. दातओठ खायचे तर आधी दात हवेत.

ती हसली. मग म्हणाली, "आई, त्याला तोडू नका हं माझ्यापायी." रात्रभर तेच घोळत होतं. तोडायला मला तरी कुठे जमणार आहे.

५ सप्टेंबर

आज नवी कवळी मिळाली. दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबली की टक् टक् करून तिन्ही खुंट्यांवर बसते. मी जीभ हलवली. ओठ हलवले. खोकून पाहिलं. ढिम्म हलली नाही. डॉक्टरीणबाई आरसा धरून उभ्या होत्या, माझे डोळे भरून आले तेव्हा त्यांनी आरसा खाली घेतला. बऱ्या आहेत त्या.

मग शिकवणी झाली. चावून बसवायची नाही, बोटांनीच. काढताना दोन्ही अंगठे कडेखाली घालून सारखा जोर द्यायचा, एका बाजूने उपटायची नाही. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची, उकळतं पाणी लावलं तर ती वाकडी होते. ब्रश आणि साधा साबण, खरखरीत पेस्ट नाही. बेसिनमध्ये टॉवेल अंथरून किंवा पाणी भरून मगच हातात घ्यायची, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. तोंडातल्या खुंट्यांभोवती बारीक ब्रश फिरवायचा, रोज, कंटाळा न करता. हिरड्या सुजल्या तर नैसर्गिक दातासारखीच ही खुंटीही जाते. आतल्या रबरी चकत्या काही महिन्यांनी सैल होतात, त्या बदलून मिळतात, घाबरायचं नाही.

सूनबाईने एकदा स्वतः करून दाखवलं, त्यांच्या प्लास्टिकच्या जबड्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण गुण."

घरी येऊन सफरचंदाच्या पातळ फोडी खाल्ल्या. आवाज झाला. मी मुद्दाम आणखी एक खाल्ली.

१४ सप्टेंबर

दादू आला होता. मीच बोलावलं, नवे दात बघायला ये म्हटलं. सूनबाईला विचारलं, तू घरी असशील की बाहेर जाशील? म्हणाली, "घरी असेन. पण आत काम करेन."

तो वाळलाय, केस पांढरे झालेत कानाशी. माझे दात बघून म्हणाला, "आई, वय दहा वर्षांनी कमी झालं तुझं." चहा प्यायला. सूनबाई आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं. तो सारखा त्या दाराकडे बघत होता.

मी म्हटलं, "मला माहीत आहे. तुझा फोन एका मुलीने उचलला होता जूनमध्ये."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मी सांगणारच होतो. तुझं ऑपरेशन..."

"माझ्या ऑपरेशनच्या मागे किती जण लपले रे. जबडा एवढासा माझा."

तो हसला नाही. मीही नाही. त्याला काय सांगायचं ते मी मनात अनेकदा जुळवून ठेवलं होतं, त्यातलं निम्मं आठवलं नाही. मी म्हटलं, "तू केलंस ते का केलंस हे मी विचारत नाही. ते विचारायचा हक्क तिचा, तिने विचारलं असेल. मी एवढंच सांगते, ती इथे राहणार आहे. जितके दिवस तिला वाटेल तितके."

"आई, तू माझी आई आहेस."

"आहेच. म्हणून तर तोंडावर सांगते. तुला यायचं असेल तेव्हा ये, पण फोन करून. तिला चालणार असेल त्या दिवशी."

"म्हणजे माझ्याच घरी मी पाहुणा?"

"पाहुणा," मी म्हटलं. शब्द नीट आला, कुठेही शिट्टी वाजली नाही.

तो उठून खिडकीपाशी गेला. तिच्या टेबलावरचा नकाशा पाहत उभा राहिला, हात मागे बांधून, काही न हलवता. जाताना दारात मी विचारलं, "त्या मुलीला शाळेत घातलंय का?" म्हणाला, "पहिलीत आहे." त्याचे डोळे एकदम भरले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढा माझ्याकडून ठेवला गेलाच.

तो गेल्यावर आतलं दार उघडलं. तिने ऐकलं असणार सगळं, भिंती आहेतच किती जाड. तिने कप उचलून धुवायला नेले. मी खुर्चीत बसून राहिले. माझा मुलगा जिना उतरत होता आणि मला त्याच्या प्रत्येक पायरीचा आवाज येत होता.

९ नोव्हेंबर

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही नव्हतं. चकत्या एकदा तपासून झाल्या, हिरड्या ठीक आहेत. सूनबाईला इथल्याच एका कचेरीत कायमचं काम मिळालं. दादू एकदा येऊन गेला, फोन करून.

पण आज सकाळी घरात रणकंदन झालं ते लिहायलाच हवं.

मी कवळी धूत होते. टॉवेल बिवेल काही अंथरला नव्हता, हल्ली मी तेवढं मनावर घेत नाही. साबणाचा हात, ती सटकली आणि उघड्या बेसिनमध्ये खाड्कन आपटली. एका दाताचा टवका उडाला. मी उचलून बघतेय तोवर सूनबाई धावत आली, हातात तिचा कंगवा, अर्धी वेणी सुटलेली.

"टॉवेल कुठाय?"

मी म्हटलं, राहिला.

आणि ती सुटलीच. "राहिला? रोज राहतो तुमचा! किती वेळा सांगायचं मी? डॉक्टरांनी सांगितलं, मी सांगितलं, तिथे खिळ्याला मुद्दाम वेगळा टॉवेल अडकवून ठेवला. लहान आहात का तुम्ही?"

'हो आई, नको आई' म्हणणारी ही बाई. मी थक्क होऊन बघत राहिले. मग मलाही चेव आला. म्हटलं, "एवढं ओरडायला काय झालं? माझी कवळी आहे." खालचे दात हातात, त्यामुळे 'तवळी' असं काहीतरी निघालं.

"तुमची असली म्हणून काय झालं? आता दुरुस्त होऊन येईपर्यंत पुन्हा मिक्सरमधला भात, आणि तो करणार कोण? मीच ना?"

"नको करूस!"

"करणार! आणि तुम्ही खाणार!"

एवढ्यात दाराची घंटा वाजली. मी तशीच गेले. चौकशी खिडकी उभी होती, डोळे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले. "काय हो, काय झालं? वर ऐकू आलं. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हटलं, खालच्या ओठावर हात धरायचंही मला सुचलं नाही. "भांडण चाललंय आमचं. आमचं घरातलं."

दार लावून घेतलं आणि घाईने परत आत गेले, कारण ती अजून बोलत होती.